रेष कुठे मारायची?

१८७६ साली ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा केला. व्यापारी जहाजाच्या दोन्ही कुशींवर एक वर्तुळ रंगवायचं आणि त्याला मधोमध छेदणारी आडवी रेष मारायची. माल भरताना ती रेष पाण्याखाली जाता कामा नये. इतकं सगळं लिहिलं आणि रेष किती उंचीवर मारायची, ते मात्र जहाजाच्या मालकावर सोडलं. कार्डिफच्या एका कप्तानानं म्हणे ती थेट धुरांड्यावर मारली. किस्साच आहे, पण कायद्याच्या अक्षरात बसणारा. वर्तुळ आहे, रेष आहे, रंग ताजा आहे. धुरांड्यापर्यंत पाणी आल्यावर बोला.

हा किस्सा आठवायचं कारण म्हणजे बंदरावरची स्मारकं. समुद्रात माणसं गेली की काही दिवसांत कुठून तरी सूचना येते, धक्क्यावर काहीतरी उभारा. दीपस्तंभाची प्रतिकृती, पुतळा, नावांची शिळा. कधी मेलेल्यांसाठी, कधी ज्यानं पुढची मरणं टाळली त्याच्यासाठी. स्मारकाला माझा विरोध नाही. पण बंदरावरची बरीचशी स्मारकं मला धुरांड्यावरच्या रेषेसारखी दिसतात. खूण आहे, माप नाही.

ज्याच्या नावानं ती रेष ओळखली जाते, त्या सॅम्युएल प्लिमसॉलचीच गोष्ट घेऊ. जन्म १८२४, ब्रिस्टल. हा माणूस खलाशी नव्हता, जहाजबांधणीतला नव्हता, दर्यावर्दी घराण्यातलाही नव्हता. शेफील्डच्या दारूभट्टीत कारकून, मग लंडनमध्ये कोळशाचा व्यापारी. पहिला धंदा बुडाला तेव्हा आठवड्याला आठ शिलिंगांहून कमी पैशांत, गरिबांच्या सामायिक मुक्कामखान्यात दिवस काढले. पुढे कोळशातच पैसा केला, १८६८ मध्ये डर्बीतून निवडून आला आणि उरलेलं राजकीय आयुष्य एकाच विषयाला लावलं. इंग्लंडच्या बंदरांतून जीर्ण आणि नाकापर्यंत भरलेली जहाजं सुटतात, ती बुडतात, मालकाला विम्याचे पैसे मिळतात आणि खलाशाच्या बायकोला काहीच मिळत नाही, हा तो विषय. अशा जहाजांना लोक ‘शवपेट्या’ म्हणत.

त्यातली खरी मेख कायद्यात होती. खलाशानं एकदा करारावर सही किंवा अंगठा केला की जहाज बघून माघार घेणं हा गुन्हा. धक्क्यावर आल्यावर ते पाण्यात किती खोल बसलंय हे दिसायचं, जुन्या हातांना कळायचंही, पण ‘मी येत नाही’ म्हटलं की पोलीस. असे शेकडो खलाशी तुरुंगात गेले. न्यायाधीशासमोर एका बाजूला मालकाची कागदपत्रं, दुसऱ्या बाजूला खलाशाचा शब्द की ‘साहेब, जास्त भरलंय.’ जास्त म्हणजे किती? कशापेक्षा जास्त? याला उत्तर नव्हतं, कारण मापच नव्हतं.

भार-रेषेची कल्पना प्लिमसॉलच्या डोक्यातून निघालेली नाही. लंडनच्या लॉइड्सच्या विमावाल्यांकडे १८३५ पासून एक ढोबळ नियम होता: जहाजाच्या पोटाची खोली जितके फूट, त्या प्रत्येक फुटामागे तीन इंच काठ पाण्याबाहेर हवा. न्यूकॅसलकडचे जेम्स हॉल नावाचे जहाजमालकच प्लिमसॉलच्या आधीपासून सक्तीच्या तपासणीसाठी आणि रेषेसाठी झगडत होते. हो, जहाजमालकच. प्लिमसॉलनं हे उचललं, १८७३ मध्ये ‘अवर सीमेन’ नावाचं पुस्तक काढलं आणि गावोगाव सभा घेतल्या. पुस्तकातले सगळे आरोप पुराव्याला टिकणारे नव्हते. अब्रुनुकसानीचे दावे झाले. सरकारनं नेमलेल्या रॉयल कमिशननं सक्तीच्या रेषेची शिफारस करायचं नाकारलं. म्हणजे त्या काळच्या शहाण्यासुरत्यांच्या समितीचं मत त्याच्या विरुद्ध गेलं होतं. पुतळ्याच्या चबुतऱ्यावर हे कुणी कोरत नाही.

२२ जुलै १८७५ ला पंतप्रधान डिझरायलींनी जाहीर केलं की या अधिवेशनात जहाजांचं विधेयक पुढे नेणार नाही. प्लिमसॉल भडकला. सभागृहाच्या मधोमध उभा राहिला, १८७४ मध्ये बुडालेल्या काही जहाजांची नावं घेतली, त्यांचे मालक आणि प्लिमथचे खासदार एडवर्ड बेट्स ते हेच का, असं विचारलं, काही सभासदांना ‘नराधम’ म्हणाला आणि मुठी आवळून ओरडला. शब्द मागे घ्या म्हटल्यावर घेतले नाहीत. आठवड्यानं माफी मागितली, ती सभागृहाच्या शिस्तीपुरती. तोवर बाहेर लोक खवळले होते आणि सरकारला घाईघाईनं तात्पुरता कायदा करावा लागला. पुढच्या वर्षी पक्का कायदा आला, तोच, रेष मालकानं मारायचा.

म्हणजे गाजलेल्या लढाईचं पदरात पडलेलं फळ हे की जहाजावर चिन्ह आलं. लोकांना वाटलं, जिंकलो. रेषेची जागा मालकाच्या हातून काढून सरकारी नियमावर बसायला १८९० उजाडलं. मधली चौदा वर्षं वर्तुळ होतं, रेष होती, आणि जहाजं बुडतच होती. या चौदा वर्षांवर कुणी नाटक लिहीत नाही, कारण त्यात मुठी आवळलेला नायक नाही. त्यात तक्ते आहेत: जहाजाची लांबी, खोली, आकार, डेकची बांधणी आणि त्यावरून काठ किती उघडा ठेवायचा याचे आकडे. माझ्या मते सुधारणा ती. पुतळा करायचा तर त्या तक्त्यांचा करावा लागेल, आणि तो चांगला दिसणार नाही.

आता पुतळ्यांकडे येऊ. ब्रिस्टलमध्ये हॉटवेल्सच्या बाजूला, बंदराच्या काठी प्लिमसॉलचा अर्धपुतळा आहे. शहरानं त्याच्या नावानं एक फिरता पूलही केला, १९६५ मध्ये. मोठी बोट आली की बाजूला सरकणारा पूल, हे मला पुतळ्यापेक्षा आवडतं, निदान तो काही काम करतो. याच बंदराच्या पाण्यात ७ जून २०२० ला लोकांनी एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा लोटला. गुलामांच्या व्यापारात पैसा केलेला हा माणूस, पुतळ्यावर मात्र शहराचा सद्गुणी आणि सुज्ञ सुपुत्र. जहाजात माणसं किती कोंबावीत याचं माप घालणारा एक कायदा ब्रिटननं १७८८ मध्ये, म्हणजे प्लिमसॉलच्या जन्माआधीच, केला होता आणि तो गुलामवाहू जहाजांसाठी होता: टनामागे इतकीच माणसं. व्यापार चालूच, फक्त दाटी मोजून. एकाच बंदराला हे दोन्ही पुतळे लाभावेत यात मला योगायोग दिसत नाही. ज्या धक्क्यावरून माणसं मालासारखी भरायला जहाजं सुटली, तिथेच मालाखाली माणसं बुडू नयेत म्हणून झगडणारा जन्मला. दोघांनाही चबुतरा मिळाला, एकाचा टिकला.

लंडनचं स्मारक थेम्सकाठच्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर आहे. ते १९२९ मध्ये, प्लिमसॉल गेल्यावर एकतीस वर्षांनी उभं राहिलं. वर त्याचा अर्धपुतळा, खाली एका बाजूला खलाशी, दुसऱ्या बाजूला न्यायदेवता. उभारलं कुणी, तर खलाशांच्या राष्ट्रीय युनियननं, आणि कोरलं असं की सर्व राष्ट्रांच्या समुद्रावरच्या माणसांची त्यानं सेवा केली, त्याबद्दल कृतज्ञतेनं. माझ्या युक्तिवादाला हे स्मारक अडचणीचं आहे, हे मान्य करतो. सरकारनं बांधलेल्या पुतळ्यात बऱ्याचदा ‘चला, हिशेब मिटला’ असा सूर असतो. इथं ज्यांचे जीव वाचले त्यांनीच चेहरा लक्षात ठेवला. तक्त्याला कुणी हार घालत नाही. चेहरा लागतो, हे खरं आहे.

पण ‘सर्व राष्ट्रांच्या’ या शब्दाशी मी अडतो, कारण त्या राष्ट्रांत आपणही येतो. ब्रिटिश जहाजांवर तेव्हा हजारो हिंदी खलाशी होते, त्यांना लस्कर म्हणत. मुंबईतून भरती होणाऱ्या डेकवरच्या माणसांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ. जेवणघरात आणि केबिनींत राबणारे गोंयकार, जे दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात धोबीतलावच्या कुडांमध्ये (गोंयकारांच्या सामायिक मुक्कामखान्यांत) पथारी टाकून पुढच्या बोटीची वाट बघत. स्मारक उभारणारी युनियन त्याच काळात ब्रिटिश जहाजांवरून काळ्या-सावळ्या खलाशांना कमी करा म्हणून जोर लावत होती. कायद्याचंही तसंच. १९०६ मध्ये ब्रिटिश खलाशाला झोपायला-राहायला मिळणारी जागा ७२ घनफुटांवरून १२० घनफूट झाली. लस्करांना या वाढीतून वगळलं. हिंदुस्थानच्या कायद्यात त्यांना ३६ घनफूट पुरे मानले होते. छत्तीस घनफूट म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच. हा आकार कशाचा असतो ते सांगायला नको.

गंमत अशी, की प्लिमसॉलच्या रेषेनं मात्र हा भेद केला नाही. करणं तिला शक्यच नव्हतं. जहाज बुडताना डेकवरचा राजापूरचा आहे की लिव्हरपूलचा हे पाणी विचारत नाही, आणि जहाज रेषेपर्यंतच भरलं असेल तर दोघंही तरतात. चबुतऱ्यावरच्या वाक्यापेक्षा कुशीवरची ती पट्टी जास्त प्रामाणिक ठरली.

तिला जवळून बघण्यासारखं आहे. मुंबई बंदरात नांगरलेल्या मालवाहू जहाजाच्या मध्यावर नजर टाका. ३०० मिलिमीटर व्यासाचं कडं, त्यातून जाणारी ४५० मिलिमीटर लांबीची आडवी पट्टी, दोन्हींची जाडी २५ मिलिमीटर. गडद अंगावर पांढरी किंवा पिवळी. रंग उडाला तरी ठाव राहावा म्हणून पत्र्यावर ती कायमची उमटवलेली असते. कड्याच्या दोन बाजूंना ज्या संस्थेनं माप ठरवलं तिची अक्षरं, इंडियन रजिस्टरची असतील तर आय आणि आर. शेजारी एक छोटी शिडी. सगळ्यात वरची पायरी उष्ण कटिबंधातल्या गोड्या पाण्यासाठी, खाली गोडं पाणी, मग उष्ण कटिबंधाचा समुद्र, उन्हाळा, हिवाळा आणि तळाला उत्तर अटलांटिकचा हिवाळा. समुद्र जितका दांडगा, तितकं कमी भरायचं. रेषेच्या वरचं कोरडं राहिलेलं अंग म्हणजे वाया गेलेली जागा नाही. लाट अंगावर आली की जहाजाला पुन्हा वर काढते ती हीच जागा.

आणि या शिडीत आपला पावसाळा आहे. पूर्वी तिच्यावर ‘इंडियन समर’ अशी एक वेगळी पायरीच असे, हिंदी समुद्रातल्या शांत हंगामासाठी. आज १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अरबी समुद्र १ सप्टेंबर ते ३१ मे उष्ण कटिबंधाच्या रेषेवर चालतो आणि १ जून ते ३१ ऑगस्ट एक पायरी खाली उतरतो. १ जूनलाच आपल्याकडे यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते. कोळीवाड्यात होड्या वर ओढून शाकारल्या जातात त्या दिवसांत, कुठल्याही देशाचं का असेना, कुठलंही मोठं जहाज मुंबईकडे येताना मालाची पायरी उतरून येतं. मिरगाचा वारा काय असतो हे त्या कराराला ठाऊक आहे.

१७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ ही आगबोट सकाळी रेवसला निघाली. ऐन आषाढ, अमावास्येला गावी जाणारी माणसं, बोट माणसांनी भरलेली. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटेनं ती कलंडली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. मुंबईला दुपारपर्यंत पत्ता नव्हता, पोहून किनाऱ्याला लागलेल्यांनी बातमी आणली. स्वातंत्र्याला एक महिना राहिलेला, इतिहासाच्या पुस्तकात त्या महिन्यात दुसरं काही मावत नाही. अलिबाग-रेवसकडच्या घरांमध्ये मात्र ‘रामदास’ हा शब्द अजून वेगळ्या आवाजात उच्चारला जातो. माझ्या आजोळी पावसाळ्यात बोटीनं जायचा विषय निघाला की आजी फक्त तेवढं नाव घ्यायची. पुढे बोलायची नाही, आणि आम्ही एसटीनं जायचो.

‘रामदास’चं स्मारक व्हावं का? व्हावं. नावं कोरावीत, जितकी मिळतील तितकी. पण मला कुणी विचारलं की धक्क्यावर अजून काय हवं, तर मी बोटीच्या कुशीकडे बोट दाखवीन. ‘रामदास’ काही अडाणी तराफा नव्हता. इंग्लंडच्या नामांकित कारखान्यात १९३६ मध्ये बांधलेली ती बोट होती. परवाने होते, कागद होते. धक्क्यावरच्या माणसाला त्यातलं काय दिसत होतं? तिकिटाची खिडकी, फळी आणि गर्दी. बोटीचं माप कचेरीतल्या फायलीत आणि जीव फळीवर, ही ताटातूट १८७० च्या इंग्लंडमध्येही होती. प्लिमसॉलनं जे मिळवलं ते एवढंच की फायलीतलं माप बोटीच्या बाहेरच्या अंगावर आलं. अक्षरशत्रू माणसालाही ते धक्क्यावर उभं राहून वाचता आलं. पाणी रेषेच्या वर की खाली, यात मत-मतांतराला जागा नाही.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची वेगवान बोट धडकली. पंधरा जण गेले. टक्कर गर्दीमुळे झाली नाही, हे आधी स्पष्ट म्हटलं पाहिजे. चाचणी घेत असलेली ती बोट ताब्यात राहिली नाही. पण मागाहून बाहेर आलं ते असं की ‘नीलकमल’चा परवाना ८४ प्रवासी आणि ६ खलाशांचा होता आणि बोटीवर शंभराहून जास्त माणसं होती. त्या शंभरांपैकी कितींना चढताना ८४ हा आकडा ठाऊक असेल? दुसऱ्या दिवसापासून लाइफ जॅकेटची सक्ती झाली, नारिंगी जॅकेटांचे फोटो आले. जॅकेट हवंच. पण ते बोट बुडाल्यावर उपयोगी पडतं, आणि ते घालायचं की नाही हे प्रवाशावर टाकता येतं. आकडा मालकावर असतो. कुठली सक्ती झटपट होते ते यावरून बघावं.

रेष मारली म्हणजे झालं, असंही मी म्हणत नाही. १६ एप्रिल २०१४ ला दक्षिण कोरियात ‘सेवोल’ बुडाली, ३०४ जण गेले, बहुतेक सहलीला निघालेली शाळकरी मुलं. तिच्यावर परवानगीच्या दुपटीहून जास्त माल होता. तरी रेष पाण्याबाहेर होती! कशी? तोल सांभाळायला तळाच्या टाक्यांत जे पाणी भरायचं असतं, ते कमी केलं. वर माल चढवला, खालून वजन काढलं, बेरीज जुळली. बाहेरून बघणाऱ्याला जहाज कायद्यात, आणि आतून ते शिंक्यावर टांगल्यासारखं डोलणारं. एका वळणावर आडवं झालं. पाएंगमोक बंदरावर लोकांनी पिवळ्या फिती बांधल्या, त्या वाऱ्यावर फडफडत राहिल्या. तिथल्या आईबापांनी मात्र फितींवर भागवून घेतलं नाही. माल कुणी मोजला, पाणी कुणी सोडलं, सही कुणाची, हे ते वर्षानुवर्षं विचारत राहिले. बंदरावरचं स्मारक कसं असावं याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण ते, कारण तिथं प्रश्न मिटले नाहीत.

आपल्या खाड्यांतल्या लाँचींना तर तोलाचा धोका वजनाइतकाच मोठा. माणसं पोत्यांसारखी एका जागी राहत नाहीत. डॉल्फिन दिसला की सगळी एका काठाला, पाऊस आला की सगळी आत, फोटोसाठी सगळी वरच्या छतावर. तेव्हा कुशीवरच्या पट्टीच्या जोडीला छतावर किती माणसं, हा वेगळा आकडा लागेल आणि तो जिन्यालाच रंगवावा लागेल. तांत्रिक वाटतं, पण खर्च किती? एक डबा पांढरा रंग, एक डबा लाल. मोजमाप एकदाच. ज्या पुतळ्याच्या अनावरणाला मंडप लागतो त्याच्या हारतुऱ्यांच्या खर्चात एका धक्क्याच्या सगळ्या बोटी रंगवून होतील.

माझी मागणी अशी आहे, आणि ती स्मारकाऐवजी नाही, स्मारकाच्या आधी आहे. बोटीच्या कुशीवर वीतभर रुंद पट्टी, भरतीला आणि ओहोटीलाही धक्क्याच्या पायऱ्यांवरून दिसेल अशी. चढायच्या फळीजवळ प्रवाशांचा आकडा, मराठीत, तळहाताएवढ्या अक्षरांत. मोजणारा माणूस असा की ज्याचा पगार तिकिटांवर अवलंबून नाही. आणि चौथी गोष्ट, जी कुठल्याच सूचनाफलकावर मी पाहिलेली नाही: पट्टी पाण्याखाली गेलेली दिसली आणि प्रवासी म्हणाला ‘मी या फेरीला येत नाही’, तर तिकिटाचे पैसे तिथल्या तिथं परत आणि पुढच्या बोटीत जागा. १८७० मध्ये नाही म्हणणाऱ्या खलाशाला तुरुंग होता. आपल्याकडे तुरुंग नाही, पण शेवटची बोट चुकते, आणि पलीकडच्या तीरावर घरचे ताटकळतात. नाही म्हणायची किंमत अजून प्रवासीच भरतो.

यावर ‘लोकांनाच घाई असते’ हा आक्षेप येतो. असतेच. मलाही होती. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या संध्याकाळी कोकणातल्या एका खाडीवर (धक्क्याचं नाव घेत नाही) शेवटची लाँच सुटता सुटता मी धावत आलो. तांडेलानं इंजिन चालू केलं होतं, पोऱ्यानं दोर सोडला होता. मी हात केला, त्यानं बोट पुन्हा लावली, मी माणसांच्या, पिशव्यांच्या आणि गणपतीवर बांधायच्या माटवीच्या सामानाच्या मधून वाट काढत आत घुसलो. बसायला जागा नव्हती. इंजिनाच्या खोक्याशी उभा राहिलो. तिथं आतल्या फळीवर प्रवासी क्षमतेची पाटी होती आणि नेमकं आकड्यावर कुणीतरी हरतालकेची पिशवी अडकवलेली. पिशवी सरकवून आकडा वाचला. मग मोजायला लागलो. निम्म्या बोटीतच आकडा संपला.

खाडीच्या मध्यावर मी तांडेलाला प्लिमसॉल सांगितला. इंजिनाच्या आवाजात ओरडून, अर्धवट, पण सांगितला. बाहेरच्या अंगावर पट्टी मारली तर बरं होईल, धक्क्यावरूनच लोकांना दिसेल वगैरे. त्यानं सुकाणूवरचा हात काढला नाही. पाणी काठापासून वीतभर खाली होतं, ते तो बघत होता.

“मारा की रेष, दादा. आमची ना नाही,” तो म्हणाला. “पण ती बुडली की खाली कुणाला उतरवू, ते पण रंगवून द्या. आज तर शेवटचे तुम्हीच चढलात.”